स्नायू टिकवून दम कसा वाढवावा: नागपूरच्या ऋतूंप्रमाणे वर्षभराची आखणी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, १०० मीटरची धाव मारावी लागते आणि गोळाही फेकावा लागतो. मुलींची लांब धाव ८०० मीटरची असते, बाकी तेच. म्हणजे दम, वेग आणि ताकद या तिन्ही गोष्टी एकाच शरीरात असाव्या लागतात. नागपुरात पहाटे कुठल्याही मोठ्या मैदानावर गेलात तर याची तयारी करणारी मुलं दिसतात. संध्याकाळी जिममध्ये मात्र वेगळंच चित्र असतं. ९० किलोची बेंच मारणाऱ्या, म्हणजे बाकावर झोपून एवढं वजन वर ढकलणाऱ्या पोराला लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यावर धाप लागते. त्याला थोडं धावायला सांगा, उत्तर ठरलेलं आहे: "धावलो त बॉडी उतरते ना भाऊ?"

उतरत नाही. पण त्यासाठी एक गोष्ट पाळावी लागते. दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण जोराने वाढवायला जायचं नाही. काही महिने एक बाजू वाढवायची आणि दुसरी फक्त टिकवायची, मग अदलाबदल करायची. कोणत्या महिन्यात काय करायचं, हे नागपूरचं हवामानच बऱ्यापैकी ठरवून देतं.

पायरी १: आधी मोजून घ्या

वहीत चार आकडे लिहा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी. बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच प्रेस आणि रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं) यांत पाच रेप, म्हणजे सलग पाच वेळा, नीट होतील असं वजन. आणि १२ मिनिटांत धावून किंवा धावत-चालत कापलेलं अंतर.

ही १२ मिनिटांची चाचणी अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडली. तिला ४०० मीटरचा ट्रॅक आणि घड्याळ एवढंच लागतं. मीटरमधल्या अंतरातून ५०५ वजा करा आणि उरलेल्याला ४५ ने भागा, की व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज मिळतो. सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर झाले तर आकडा ४२ च्या आसपास येतो. तिशीतल्या पुरुषाने २३०० च्या आणि स्त्रीने २००० च्या पुढे अंतर कापलं तर ते सरासरीहून चांगलं धरतात.

वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ही चाचणी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. छातीत दाब जाणवणं, व्यायामात चक्कर येणं, धडधड अनियमित होणं ही लक्षणं असतील तर तपासणी झाल्याशिवाय पुढची एकही पायरी करू नका.

पायरी २: भांडण नेमकं कुठे आहे ते समजून घ्या

धावण्याने स्नायू जातात या भीतीमागे एक खरा प्रयोग आहे. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने तीन गट केले. एकाला फक्त वजनं, दुसऱ्याला फक्त दमाचा व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. प्रयोग दहा आठवडे चालला. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वजनवाल्यांच्या बरोबरीने वाढत गेली, सातव्या-आठव्या आठवड्यात थांबली आणि शेवटी थोडी घसरली. दम मात्र धावणाऱ्यांइतकाच वाढला.

इथवरची गोष्ट जिममध्ये सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. तो गट आठवड्यात पाच दिवस पायांची जड वजनं मारत होता आणि सहा दिवस रोज ४० मिनिटं जोरात सायकल चालवत किंवा धावत होता. तुमच्या-माझ्यापैकी कुणीच एवढं करत नाही. नंतरच्या वर्षांत बरेच अभ्यास झाले आणि ते एकत्र मांडल्यावर दिसलं की बेताचा कार्डिओ, म्हणजे दमाचा व्यायाम, केल्याने स्नायूंचा आकार वाढायचा थांबत नाही. फरक पडतो तो स्फोटक ताकदीवर, म्हणजे उडी, झेप, पहिल्या पाच पावलांचा वेग यांवर. तोही दोन्ही व्यायाम एकाच सत्रात, लागोपाठ केले तर जास्त.

पेशीच्या पातळीवर हे असं चालतं. जड वजन उचललं आणि प्रथिनं पोटात गेली की एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि स्नायू बांधायला लागते. लांब किंवा फार दमवणाऱ्या कामात पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि बांधकामाला लगाम घालतं. हा लगाम कायमचा नसतो. पोटभर खाल्लं, काही तास मध्ये गेले की तो सुटतो. म्हणून उपाशीपोटी तासभर धावून लगेच पायांची जड वजनं मारणाऱ्याची प्रगती अडते, आणि सकाळी धावून, जेवून, संध्याकाळी वजनं मारणाऱ्याची सहसा अडत नाही.

हिक्सन यांनी पुढे आणखी एक प्रश्न हाताळला, आणि माझ्या मते रोजच्या माणसाला तोच जास्त उपयोगी आहे. कमावलेला दम टिकवायला किती व्यायाम लागतो? सहा दिवस व्यायाम करून दम वाढवलेल्या लोकांचे दिवस त्यांनी चार किंवा दोनवर आणले, पण जोर तोच ठेवला. १५ आठवडे दम जवळजवळ तेवढाच राहिला. जोर कमी केल्यावर मात्र तो उतरला. स्नायूंचंही तसंच आहे. वजन तेवढंच ठेवून सेट, म्हणजे सलग रेपच्या फेऱ्या, एक तृतीयांशावर आणले तरी कमावलेलं काही महिने टिकतं. वाढवायला खूप लागतं, टिकवायला थोडकं पुरतं. पुढची सगळी आखणी यावरच केली आहे.

पायरी ३: वर्षाचे तीन भाग करा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे नागपुरात धावायचे महिने. पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत येतो, कधी त्याच्याही खाली जातो. याच काळात दम वाढवायचा आणि स्नायू टिकवायचे.

मार्च ते मध्य जून उलट करायचं. मे महिन्यात ४५ अंश म्हणजे आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला की सकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो. अशा वेळी घाम गाळण्यात शौर्य मानू नका. हे महिने जिममध्ये स्नायू वाढवायला द्या आणि दम फक्त टिकवा.

पावसाळा ते ऑक्टोबर हा मधला काळ. दोन्ही मध्यम ठेवायचं आणि उड्या, वेगाच्या छोट्या धावा, खेळ यांना जागा द्यायची. दिवाळीचा आठवडा मुद्दाम हलका सोडा. एरवीही दर सहा ते आठ आठवड्यांनी एक आठवडा निम्मा व्यायाम चांगलाच असतो, आणि फराळाच्या दिवसांत तो घेतला तर मनालाही टोचणी लागत नाही.

भरतीची तारीख जाहीर झाली असेल तर अर्थातच ऋतू बाजूला ठेवायचा आणि चाचणीच्या आधीचे तीन महिने धावण्याला द्यायचे.

पायरी ४: आठवडा आखा

हिवाळ्यात वजनांचे दोन दिवस पुरतात, दोन्ही दिवशी पूर्ण शरीर: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे थोडे वाकवून, कमरेतून झुकून वजन उचलणं), बेंच प्रेस, रोइंग, खांद्यांचा प्रेस, पुलअप. प्रत्येकाचे दोन-तीन सेट. वजन मात्र उन्हाळ्यात होतं तेवढंच. इथेच बहुतेक जण चुकतात. धावणं सुरू झालं की वजन हलकं करतात आणि रेप वाढवतात. त्यामुळे स्नायूला जी खूण मिळायला हवी तीच बंद होते. सेट कापा, वजन कापू नका. उरलेल्या दिवसांत तीन सावकाश धावा आणि एक जोरकस.

उन्हाळ्यात वजनांचे चार दिवस, दोन वरच्या शरीराचे आणि दोन पायांचे. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला १० ते १६ सेट, सहा ते बारा रेपचे, आणि प्रत्येक सेटच्या शेवटी एक-दोन रेप अजून झाले असते असं वाटायला हवं. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा. दम वाढावा म्हणून विश्रांती ३० सेकंदांवर आणणारे दोन्हीकडचं गमावतात: वजन उतरतं, आणि हृदयाला जो सलग व्यायाम हवा तोही मिळत नाही. दमासाठी आठवड्यात दोन सत्रं, एक जोरकस आणि एक सावकाश, दोन्ही सायकलवर किंवा ट्रेडमिलवर.

दोन नियम दोन्ही मोसमांत पाळा. जोरकस धावेच्या दुसऱ्या दिवशी पायांची जड वजनं ठेवू नका. आणि दोन्ही एकाच दिवशी करावं लागलं तर मध्ये निदान सहा तास जाऊ द्या. तेही जमत नसेल तर आधी वजनं, मग कार्डिओ.

पायरी ५: सावकाश म्हणजे खरंच सावकाश

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होतं. सावकाश धावेचा वेग असा हवा की शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. आकड्यात हवं असेल तर वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. ती तुमची कमाल नाडी. तिच्या ६० ते ७० टक्क्यांत राहायचं. तीस वर्षांच्या माणसाची कमाल १८७, म्हणून नाडी साधारण ११२ ते १३१.

जिममध्ये कमावलेल्या ८५-९० किलोच्या शरीराला या नाडीत धावताच येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. लाज वाटून घेऊ नका, भरभर चाला. चार मिनिटं चाल, एक मिनिट हलकी धाव, असं ३० ते ४५ मिनिटं. अंबाझरी, फुटाळा किंवा सिव्हिल लाइन्सचा वॉकर स्ट्रीट, कुठेही. झाडांची सावली आणि सपाट रस्ता यांसाठी मला सिव्हिल लाइन्स जास्त आवडतो. सहा-आठ आठवड्यांत त्याच नाडीला चालीचे तुकडे आपोआप धाव होतात.

या संथ तासांत हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतो, स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात. जड वजन उचलताना रक्तदाब काही सेकंदांपुरता वर जातो आणि हृदयावर वेगळ्या प्रकारचा ताण येतो. त्याचा फायदा आहे, पण हे काम त्याने होत नाही. शिवाय दम चांगला असलेला माणूस दोन सेटमध्ये लवकर सावरतो. म्हणजे संथ चालणं तुमच्या स्क्वॉटलाही मदत करतं.

वजन जास्त असेल, गुडघे कुरकुरत असतील तर सायकल घ्या. सायकलीत जमिनीचा धक्का नसतो, पाय दुखरे होत नाहीत, आणि वजनांच्या दिवसांवर तिचा परिणाम धावण्यापेक्षा कमी होतो. ट्रेडमिलवर चढ लावून चालणं हाही सोपा पर्याय आहे.

पायरी ६: आठवड्यात एकदाच, पण पूर्ण जोर

नॉर्वेतल्या संशोधकांनी तपासलेली चार गुणिले चारची पद्धत धरा. दहा मिनिटं अंग गरम करा. मग चार मिनिटं अशा जोराने की शेवटी नाडी कमालच्या ९० ते ९५ टक्क्यांवर जावी. मग तीन मिनिटं सावकाश. असं चार वेळा.

जागा म्हणून सेमिनरी हिल्सचा चढ निवडा. चढावर पाऊल जमिनीवर कमी जोराने आपटतं आणि मांड्यांना उतारावर जो ब्रेक लावावा लागतो तो लागत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय कमी दुखतात. उतरताना धावू नका, चालत या. चढ चार मिनिटांचा मिळत नसेल तर तोच तुकडा वर-खाली करण्यापेक्षा सायकलवर किंवा सपाट रस्त्यावर करा.

पहिल्या चार मिनिटांतलं पहिलं मिनिट फसवं असतं. ताजेतवाने असता, पाय सुटतात, आणि दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर श्वास पुरेनासा होतो. वेग असा ठेवा की चौथा तुकडा पहिल्याइतकाच लांब जाईल. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, पण पाय अजून आपल्या ताब्यात आहेत, ती खरी जागा. आधी दोन तुकड्यांपासून सुरुवात करा आणि महिनाभरात चारवर या. आठवड्यात दुसरं असं सत्र घालायचा मोह होईल. स्नायू टिकवायचे असतील तर घालू नका.

पायरी ७: चपळाईला दहा मिनिटं

मोठे स्नायू आणि चांगला दम असूनही माणूस मैदानावर जड वाटू शकतो. वजनांच्या सत्राआधी, ताजे असताना, दहा मिनिटं द्या: पेटीवर उड्या पाचच्या तीन-चार सेटमध्ये, जड चेंडू छातीतून भिंतीवर फेकणं, २० मीटरच्या चार-पाच वेगवान धावा. प्रत्येक वेळी पूर्ण विश्रांती. दमल्यावर मारलेली उडी ही उडीचा सराव ठरत नाही. संध्याकाळी कबड्डी, खो-खो किंवा बॅडमिंटन मनापासून खेळत असाल तर त्या आठवड्याची चपळाई झाली असं समजा. जोर-बैठका येत असतील तर प्रवासात, जिम बंद असताना त्यांच्यासारखं काही नाही.

पायरी ८: ताटाचा हिशेब

कार्डिओने स्नायू गेले असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या ताटात गडबड असते. धावणं वाढवलं, भूक मारली, आणि वजन उतरलं. दोन्ही करायचं तर खाणं वाढवावं लागतं.

प्रथिनं रोज शरीराच्या दर किलोला १.६ ग्रॅम धरा. ७५ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. आपल्या घरच्या खाण्यात ते असं बसतं: चार अंडी साधारण २५ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, सोयावडी कोरडी ५० ग्रॅम म्हणजे २५, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८, तुरीची कोरडी डाळ ५० ग्रॅम म्हणजे ११, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५ ते ६. उरलेलं पोळी, भाकरी आणि भातातून येतं. मांसाहारी असाल तर शिजलेलं १०० ग्रॅम चिकन साधारण ३० ग्रॅम देतं. परवडत असेल तर व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा ही सोय आहे, गरज नाही.

तर्री पोह्यांबद्दल विचारणारे खूप भेटतात. जोरकस धावेनंतरचा नाश्ता म्हणून पोहे चांगलेच, कारण थकलेल्या स्नायूंना कर्बोदकं हवी असतात. पण तर्रीतल्या चार चण्यांवर प्रथिनांची भिस्त ठेवू नका. सोबत दोन-तीन उकडलेली अंडी किंवा घरी गेल्यावर दूध घ्या. सावजी महिन्यातून एक-दोनदा खाल्लं तर काही बिघडत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चार गुणिले चार ठेवू नका. आणि भाकरी-भात बंद करून जोरात धावायला जाऊ नका. तसं केलं की धाव आणि वजनं दोन्ही ढासळतात.

काही जिममध्ये इंजेक्शनं आणि गोळ्या सुचवल्या जातात. स्टिरॉइडने स्नायू फुगतात हे खरं आहे. पण त्याने चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, वाईट वाढतं आणि हृदयाची भिंत जाड होते. हृदय सुधारायला निघालेल्या माणसाने त्या वाटेला अजिबात जाऊ नये.

पायरी ९: उन्हाशी वागणं

गरमीत त्याच वेगाला नाडी दहा-पंधराने जास्त दाखवते, कारण हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेलाही रक्त पुरवावं लागतं. म्हणून मार्चपासून वेग बघू नका, नाडी बघा. शरीर उन्हाला रुळायला दहा ते चौदा दिवस घेतं. त्या काळात वेळ आणि जोर दोन्ही कमी ठेवा. एप्रिल-मेमध्ये बाहेर जायचंच असेल तर सकाळी सहाच्या आत घरी परत या.

कूलरवर चालणाऱ्या जिममध्ये एक अडचण असते. खिडक्या बंद असतील तर कूलर हवा दमट करतो आणि घाम वाळत नाही. समोरची खिडकी उघडी ठेवा. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो कमी झाले, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत घ्या, आणि त्यात मीठ असू द्या: ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, पन्हं. डोकं गरगरणं, मळमळ, अंगावर काटा येणं ही थांबायची खूण. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला तर तो उष्माघात समजा. माणसाला सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

पायरी १०: बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा

तोच ट्रॅक, तीच वेळ, तेच चार आकडे. हिवाळ्याच्या शेवटी धाव वाढली आणि बेंच-स्क्वॉट जिथल्या तिथे असतील तर काम बरोबर चाललंय. धाव वाढली पण वजनं दहा टक्क्यांहून जास्त उतरली तर आधी खाणं आणि झोप तपासा. सात तासांपेक्षा कमी झोपत असाल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. दोन्ही ठीक असेल तर एक सावकाश धाव कमी करा, जोरकस तशीच ठेवा. उन्हाळ्याच्या शेवटी वजनं वाढली पण कंबर दोन-तीन इंचांनी सुटली असेल तर स्नायूंबरोबर चरबीही आली, जेवणातली वरची एक पोळी आणि गोड काढा.

सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त दिसली, आणि ताप-सर्दी काही नसेल, तर त्या आठवड्यातलं जोरकस सत्र रद्द करा आणि तो वेळ चालण्याला द्या.